जुन्या डिझेल गाडीत डिझेलचा वास येतो, थेंब कुठेच दिसत नाही, काय बघू?

खाडीकाठ (देवगड):
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझी 2010 ची छोटी डिझेल हॅचबॅक आहे, कॉमन रेल इंजिन, एमएच 07 पासिंग, एक लाख चाळीस हजार चाललीय. गेल्या वर्षी पंधरा वर्षं झाली म्हणून पासिंग रिन्यू करून घेतलं, इंजिन मस्त आहे त्यामुळे विकायचं मनात नाही. पण दोन महिने झाले, गाडीत कच्च्या डिझेलचा वास येतोय. रोज नाही येत, हाच वैताग. दोन गॅरेजना दाखवली, एकाने डिझेल फिल्टर बदलला, दुसऱ्याने इंजेक्टरवरचे रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारे) बदलले, साडेचार हजार गेले आणि वास तसाच. गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवली तर सकाळी पुठ्ठा कोरडा. मला स्वतःला एवढं काही होत नाही हो, पण आईला दर महिन्याला तपासणीला कोल्हापूरला न्यावं लागतं आणि फोंडा घाट चढून दाजीपूर येईपर्यंत तिला मळमळायला लागतं, मागच्या वेळी दोनदा गाडी थांबवली. कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा, सिंधुदुर्गातला चांगला मेकॅनिक माहीत असेल तर तेही कळवा.

जुनीडिझेल (चिपळूण):
आता आणखी एकही पार्ट बदलू नका. आधी वास कधी येतो ते नीट लिहून काढा. सकाळी स्टार्टला येतो की गरम झाल्यावर, उभी असताना की चालताना, आणि एसीचं बाहेरची हवा घ्यायचं बटण बंद करून आतली हवा फिरवली तर कमी होतो का? बाहेरची हवा बोनेटच्या मागच्या जाळीतून आत येते, त्यामुळे आतली हवा फिरवल्यावर वास गेला तर लीक बहुतेक पुढेच आहे. आणखी एक, कच्च्या डिझेलचा वास आणि धुराचा वास यात फरक करा. इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर गेला की चफ चफ असा आवाज येतो, इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साठतो आणि वास जळका येतो. तुमचं ते वाटत नाही.

सकाळी जास्त सेल्फ मारावा लागतो का? लाइन एअर पकडत असेल तर रात्री डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो, अशा वेळी बाहेर थेंबही दिसत नाही.

घाटवाट (रत्नागिरी):
आमच्याकडे उंदराने रिटर्न पाइप कुरतडला होता, गाडी आठ दिवस आंब्याखाली उभी होती तेवढ्यात. तुमचे पाइप नवीन घातलेत तरी एकदा बघा, नवीन पाइपसुद्धा नीट बसला नाही तर पाझरतो. इंजिन थंड असताना सगळे जॉइंट पुसून कोरडे करा, प्रत्येकावर टिश्यू पेपर गुंडाळून दोऱ्याने बांधा (बेल्ट आणि फॅनपासून लांब), वीस मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि मग बघा कुठला ओला झालाय. पण हे फक्त रबरी पाइपांना. पंपाकडून रेलला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जाड नळी) आणि रेलकडून इंजेक्टरला ज्या लोखंडी नळ्या जातात त्यांना इंजिन चालू असताना हात लावू नका, प्लीज. टायरमध्ये दोन सव्वादोन बार हवा असते आणि तिथे हजार बारच्या वर प्रेशर जातं. डोळ्याला न दिसणारी बारीक धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते पण ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं, उशीर झाला तर बोट जायची वेळ येते. शंका असेल तर लांबून पुठ्ठा धरा.

खाडीकाठ:
दोघांचे खूप आभार. आज बसून सगळं तपासलं. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. आतली हवा फिरवून वास कमी होत नाही, उलट पुढच्या काचा खाली केल्या की जास्त येतो, हे मला आजच कळलं. टिश्यू सगळे कोरडे. आणि एक गोष्ट आधी सुचलीच नाही सांगायची, आई नेहमी मागे बसते आणि कोल्हापूरला जाताना मी नांदगावला टाकी फुल करतो. गावातल्या गावात पाचशे हजाराचं टाकून फिरतो तेव्हा वास जवळजवळ नसतोच.

मालवणी गडी (कट्टा):
मग बोनेटात काय शोधतस? वास मागसून येता तर मागेच बघूक व्हया. टाकी फुल आणि वर चढ, म्हणजे डिझेल टाकीच्या मागच्या अंगाक जाता. झाकणाकडसून टाकीत जाणारो जो पाइप असता ना, त्याचो रबरी तुकडो बघ. खाऱ्या वाऱ्यान त्याचे क्लिपी गंजान जातत.

जुनीडिझेल:
अगदी बरोबर. फुल टाकी आणि चढ हे दोन शब्द पहिल्याच पोस्टमध्ये असते तर तुमचे पैसे वाचले असते, पण असू दे, गॅरेजवाल्यांनीही विचारायला हवं होतं. काचा खाली केल्यावर वास वाढतो कारण आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला मागून, डिकीच्या फटींतून हवा आत येते. आता दोनच जागा. एक, टाकीच्या डोक्यावर डिझेलची पातळी दाखवणारा फ्लोट बसतो त्याची रबरी रिंग, काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. दुसरी, मालवणी गड्याने सांगितलेला फिलर पाइप आणि त्याच्या शेजारचा बारीक ब्रीदर पाइप, डिझेल भरताना टाकीतली हवा बाहेर सोडणारा. टाकी अर्ध्याच्या खाली आल्यावरच खोला. आणि तिथे ग्राइंडर, वेल्डिंग काही चालू देऊ नका, डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात.

सुरंगी (वेंगुर्ला):
पुठ्ठा कोरडा का राहिला असेल ते माझ्या गाडीवरून सांगते. मागच्या चाकाच्या वरचं प्लॅस्टिक काढलं तर आत वर्षानुवर्षांचा लाल चिखल गच्च बसला होता, जांभ्याच्या रस्त्यांचा. सगळं डिझेल तोच पीत होता, खाली थेंब पडणार कुठून. पावसात अंगणातल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला तेव्हा कळलं.

खाडीकाठ:
सापडलं! मेकॅनिकला सांगून झाकणाच्या बाजूच्या मागच्या चाकाचं लायनर काढलं, आत सुरंगीताईंनी म्हटलं तसाच चिखल, हातात घेतला तर डिझेलने भिजलेला गोळा. रबरी पाइपाला क्लिपच्या कडेने बोटभर चीर आणि खालची क्लिप तर हात लावताच तुटली. ओरिजिनल पाइप दुकानात नाहीये, मेकॅनिक म्हणतो रेडिएटरचा होज कापून बसवू, चालेल का?

जुनीडिझेल:
नको नको. पाण्याचा होज डिझेलने फुगून मऊ होतो, सहा महिन्यांत पुन्हा तेच. डिझेलला चालणारा फिलर होज मागा, दुकानदाराला आतला व्यास मोजून सांगा. क्लिपा स्टेनलेसच्या. लोखंडी गळ्यावर गंज असेल तर पॉलिश पेपरने हाताने घासून गुळगुळीत करा, नाहीतर नवीन रबरही तिथून पाझरेल. ब्रीदर पाइप पण लगेच बदला, वय तेच आहे त्याचं.

खाडीकाठ:
कुडाळहून होज मिळाला, दोन्ही पाइप आणि चार क्लिपा मिळून मजुरीसकट चौदाशे. चिखल धुऊन काढला, मागचं कार्पेट दोन दिवस उन्हात घातलं. काल नांदगावला मुद्दाम फुल केली आणि फोंडा घाट चढलो. दाजीपूरला मी थांबवली तर आई म्हणाली, का थांबलास, चल की. परत आल्यावर लायनर काढून बघितलं, पाइप कोरडा ठणठणीत.