मदत हवी आहे: लॅपटॉपवर चालणारं अ‍ॅप डेअरीच्या पीसीवर उघडत नाही (अर्जंट!!)

निरसं_दूध (संध्या. ७:४०)
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. गावातल्या दूध डेअरीसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर बनवलंय, सी शार्पमध्ये. माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास चालतं. डेअरीच्या पीसीवर पेनड्राइव्हने नेलं तर उघडतच नाही. तीनदा रीस्टार्ट केलं, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. उद्या पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतं. काका सेक्रेटरी आहेत, त्यांनी ‘आता कॉम्प्युटर आला’ म्हणून जुनं रजिस्टर कपाटात टाकून कुलूपसुद्धा लावलं. कृपया ‘गूगल करा’ असं सांगू नका, दोन तास तेच करतोय. सोपा उपाय सांगा.

घाटावरचा (७:४८)
उघडत नाही म्हणजे नक्की काय? एरर येते की काहीच होत नाही? विंडोज कुठलं? आणि सी शार्पचं सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतं ते डॉटनेट कुठलं?

निरसं_दूध (७:५१)
एरर येते. विंडोज नेहमीचंच आहे. डॉटनेट लेटेस्ट.

कंपाइलर_काकू (७:५५)
‘नेहमीचं’ नावाचं विंडोज अजून बाजारात आलेलं नाही. एरर जशी दिसते तशी शब्द न शब्द इथे टाका. आणि ‘लेटेस्ट’ म्हणजे कोणाचं लेटेस्ट, तुमच्या लॅपटॉपवरचं की डेअरीतलं?

रिकामटेकडा_०७ (७:५८)
हे सगळं पायथॉनमध्ये केलं असतं तर ही वेळच आली नसती. मी मुलीच्या क्लासची फी पावती पायथॉनमध्ये केली आहे, चार वर्षं बिनबोभाट चालू आहे.

निरसं_दूध (८:१२)
परत डेअरीत येऊन फोनवरून लिहितोय. ‘द व्हर्जन ऑफ धिस फाइल इज नॉट कम्पॅटिबल विथ द व्हर्जन ऑफ विंडोज यू आर रनिंग’. पुढे एक्स८६ की एक्स६४ असं काहीतरी आहे. व्हर्जनचाच प्रॉब्लेम दिसतोय. विंडोज अपडेट मारू का?

कंपाइलर_काकू (८:१४)
थांबा, काहीही मारू नका. ‘असं काहीतरी आहे’ म्हणालात ना, तेच तर उत्तर आहे. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सिस्टिम टाइप बघा आणि सांगा.

निरसं_दूध (८:१७)
विंडोज ७ प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक १, ३२ बिट. रॅम २ जीबी.

एक_प्रवासी (८:१९)
विंडोज ७! त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. आता तर विंडोज १० चाही संपला, १४ ऑक्टोबर २०२५ ला. असल्या पीसीवर लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवणं हा गुन्हा आहे. आधी पीसी बदला, मग सॉफ्टवेअरचं बोला.

निरसं_दूध (८:२३)
प्रवासी साहेब, पीसी डेअरीचा आहे. बदलायचा तर संचालक मंडळाची मीटिंग, ठराव, तीन कोटेशनं. पहाटे साडेपाचपर्यंत होईल का ते सांगा.

घाटावरचा (८:२६)
मिळालं. तुम्ही ६४ बिटचं पब्लिश केलंय, ते ३२ बिट विंडोज घेणारच नाही. व्हिज्युअल स्टुडिओत पब्लिश करताना टार्गेट रनटाइम विन-एक्स८६ (म्हणजे ३२ बिट) निवडा आणि सेल्फ-कंटेंड करा, म्हणजे डॉटनेट वेगळं टाकायलाच नको. फोल्डर जाडजूड होईल, पण पेनड्राइव्हला काय फरक पडतो! दहा मिनिटांचं काम.

कंपाइलर_काकू (८:३१)
घाटावरचे, घाई करू नका. त्यांचं प्रोजेक्ट कुठल्या डॉटनेटचं आहे ते त्यांनी अजून सांगितलेलंच नाही. ८ असेल तर ३२ बिट करूनही उपयोग नाही. डॉटनेट ७ पासून विंडोज ७ ला रामराम केलाय, ८ ला किमान विंडोज १० ची १६०७ आवृत्ती लागते.

घाटावरचा (८:३३)
सपोर्ट नसणं आणि न चालणं यात फरक असतो काकू. मी स्वतः चालवून दाखवलंय.

कंपाइलर_काकू (८:३५)
तुमच्या घरी चालवलंत. इथे पहाटे पन्नास माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहणार आहेत.

व्हीबी_वाले_जोशी (८:३८)
मी २००३ साली व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये एका पिठाच्या गिरणीचा हिशेब करून दिला. एक्सपीवर केला, ७ वर चालला, १० वर चालला, आज ११ वर चालतोय. व्हीबी ६ चं रनटाइम विंडोजमध्येच येतं, वेगळं काही टाकायला लागत नाही. तुमच्या डॉटनेटला दरवर्षी नोव्हेंबरात बारसं. इति लेखनसीमा.

रिकामटेकडा_०७ (८:४०)
जोशीबुवा, शिळ्या कढीला ऊत!

निरसं_दूध (९:०२)
विन-एक्स८६ आणि सेल्फ-कंटेंड करून नेलं. आधीची एरर गेली, आता कुठलीतरी डीएलएल सापडत नाही म्हणतंय. नाव लिहून घेतलं नाही, ओके दाबलं गेलं. हो, प्रोजेक्ट डॉटनेट ८ चं आहे, व्हिज्युअल स्टुडिओ २०२२. नवीन प्रोजेक्ट घेतलं की तेच वर येतं, मी काही मुद्दाम निवडलं नव्हतं.

कंपाइलर_काकू (९:०६)
हे पहिल्या ओळीत सांगितलं असतंत तर एव्हाना जेवून झोपला असता. आता नीट वाचा.

‘डॉटनेट’ नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि मायक्रोसॉफ्टने नावांचा असा काही घोळ घातलाय की भलेभले चकतात. एक जुनं डॉटनेट फ्रेमवर्क, ते ४.८.१ वर थांबलं. दुसरं नवं डॉटनेट: ५, ६, ७, ८ आणि पुढे. ८ हा आकडा ४.८ पेक्षा मोठा आहे म्हणून ते त्याचं अपडेट आहे असं नाही, दोघांची घरंच वेगळी. विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ वर जुनं फ्रेमवर्क ४.८ पर्यंत चालतं, ३२ बिटवरसुद्धा. ४.८.१ नाही.

तुमचा फॉर्म साधा विनफॉर्म्सचा (डॉटनेटमधल्या तयार खिडक्या-बटणांचा) असेल तर प्रोजेक्ट ४.८ वर आणता येईल. आधी फोल्डरची कॉपी काढून ठेवा! मग प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडा. टार्गेट फ्रेमवर्कच्या ओळीत ‘नेट८.०-विंडोज’ आहे तिथे ‘नेट४८’ लिहा. प्लॅटफॉर्म टार्गेट एक्स८६ करा. इम्प्लिसिट युझिंग्ज बंद करा, नाहीतर सिस्टिम-नेट-एचटीटीपी सापडत नाही म्हणून रडेल. मग प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लागतील ते युझिंग हाताने लिहावे लागतील, इलाज नाही. ४.८ साठी सी शार्प ७.३ धरलं जातं, म्हणून लँग-व्हर्जन लेटेस्ट करा. प्रोग्रॅम फाइलमधली ‘अ‍ॅप्लिकेशन कॉन्फिगरेशन इनिशिअलाइझ’ ही ओळ जुन्यात नाही, तिथे एनेबल व्हिज्युअल स्टाइल्सची जुनी ओळ टाका.

डेटा कशात ठेवलाय? फॅट मशीनशी कसं जोडलंय?

निरसं_दूध (९:१०)
डेटा अ‍ॅक्सेसमध्ये. मशीन सिरियल पोर्टने. दोन्हीसाठी न्यूगेटवरून (डॉटनेटच्या तयार कोडचं भांडार) पॅकेजं घेतली होती.

कंपाइलर_काकू (९:१२)
दोन्ही पॅकेजं काढा. फ्रेमवर्कमध्ये सिरियल पोर्ट आणि ओएलईडीबी (डेटाबेसशी बोलणारा भाग) आतच आहेत. अ‍ॅक्सेसवर मात्र आपण परत येणार आहोत, लिहून ठेवा.

रिकामटेकडा_०७ (९:१५)
सावधान! डेअरीच्या पीसीवर जुनं काही सॉफ्टवेअर चालू असेल तर ४.८ अजिबात टाकू नका. एकाने टाकलं आणि जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर कायमचं बसलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

निरसं_दूध (९:१७)
बाप रे. आहे की! पशुखाद्याच्या उधारीचं जुनं सॉफ्टवेअर आहे याच पीसीवर. ते बसलं तर काका मला घरात घेणार नाहीत.

घाटावरचा (९:१९)
घाबरू नका. ते जुनं सॉफ्टवेअर कुठल्या सीएलआरवर चालतंय तेवढं सांगा, २ की ४?

निरसं_दूध (९:२१)
सीएलआर रोज बदलतो की. गाईचा २८ च्या आसपास, म्हशीचा ३० पर्यंत. २ किंवा ४ आला तर ते दूध नाही, पाणी. पण उधारीच्या सॉफ्टवेअरचा सीएलआरशी काय संबंध?

कंपाइलर_काकू (९:२२)
😂😂 घाटावरचे, उत्तर द्या आता.

घाटावरचा (९:२५)
साष्टांग! मी कॉमन लँग्वेज रनटाइमबद्दल विचारत होतो, ज्याच्यावर डॉटनेटचे प्रोग्रॅम चालतात. तुमचा तो लॅक्टोमीटरवर दुधाची घनता दाखवणारा सीएलआर. वीस वर्षं या धंद्यात आहे, असं उत्तर पहिल्यांदा मिळालं.

पाटाचं_पाणी (९:२८)
अवांतर: सीएलआरवरून एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) काढताना शेवटचा आकडा किती धरता? आमच्याकडे सीएलआर भागिले ४, मग फॅटचा हिस्सा, आणि वर ०.३६ मिळवतात. शेजारच्या गावात ०.४४. एवढ्याशा फरकाने ८.५ च्या खालचं दूध वर जातं आणि दर बदलतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा आकडा कोडमध्ये गाडून ठेवू नये, सेटिंगमध्ये ठेवावा. आमच्याकडे यावरून भांडणं झाली आहेत.

निरसं_दूध (९:३०)
(मी कोडमध्येच गाडलाय.)

कंपाइलर_काकू (९:३४)
रिकामटेकडा, अर्धवट माहितीवर माणसाला घाबरवू नका. फ्रेमवर्क २, ३ आणि ३.५ एका रनटाइमवर चालतात, ४ आणि त्यापुढची सगळी दुसऱ्या. विंडोज ७ मध्ये ३.५.१ जन्मजात आहे. ४.८ टाकल्याने त्याला धक्का लागत नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. ४.० च्या जागी मात्र ४.८ येऊन बसतं, हे खरं.

घाटावरचा (९:३७)
तिथेही जुन्या अ‍ॅपसाठी बऱ्याच जुन्या सवयी जपलेल्या असतात, जे अ‍ॅप ज्या आवृत्तीसाठी बांधलंय त्याप्रमाणे. तरी शंभर टक्के खात्री कोणी देऊ नये, मीसुद्धा देत नाही. उधारीचं सॉफ्टवेअर किती सालचं आहे?

निरसं_दूध (९:३९)
काका म्हणतात २००९. डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलाय.

घाटावरचा (९:४०)
२००९ म्हणजे ४ च्या आधीचं, ४.० आलं २०१० मध्ये. बिनधास्त टाका. ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या, शंभर एमबीच्या वर आहे. वेब इन्स्टॉलर नको.

शाईचा_डाग (९:४४)
पावती मराठीत छापता का? माझ्याकडे श्री-लिपीत टाइप केलेली पाचशे पानं आहेत, ती युनिकोडमध्ये कशी आणायची कोणी सांगेल का? काना-मात्रा जागेवर राहतात, रफार उडतो.

निरसं_दूध (१०:२६)
कोड बिल्ड झाला!! पण ४.८ इन्स्टॉल होत नाही. ‘सर्टिफिकेट चेन कुड नॉट बी बिल्ट टू अ ट्रस्टेड रूट ऑथॉरिटी’. यावेळी फोटो काढलाय. आता हे काय नवीन?

एक_प्रवासी (१०:२८)
मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

कंपाइलर_काकू (१०:३१)
शाबास, फोटो काढलात. तो पीसी कित्येक वर्षं इंटरनेटला लागलेला नाही, बरोबर? इन्स्टॉलरवर मायक्रोसॉफ्टची सही आहे. ती तपासायला जे २०११ चं रूट सर्टिफिकेट लागतं तेच पीसीकडे नाही. ‘मायक्रोसॉफ्ट रूट सर्टिफिकेट ऑथॉरिटी २०११’ ही फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून लॅपटॉपवर उतरवा, पेनड्राइव्हने न्या, उघडून इन्स्टॉल करा. स्टोअर विचारेल तेव्हा आपोआप ठरवू देऊ नका, ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ स्वतः निवडा. आणि पीसीची तारीख बरोबर आहे ना तेही बघा, सेल गेला असेल तर २००९ दाखवेल.

निरसं_दूध (११:०५)
तारीख बरोबर होती. सर्टिफिकेट टाकलं, ४.८ बसलं, उधारीचं सॉफ्टवेअरही चालू आहे (काकांनी स्वतः उघडून पाहिलं, मगच चहा दिला). माझं अ‍ॅप उघडलं!!! पण दोन गोष्टी. एक, सगळा फॉर्म आक्रसलाय, अक्षरं बारीक झाली. दोन, लॉगिन केलं की ‘मायक्रोसॉफ्ट एसीई ओएलईडीबी १६.० प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’.

कंपाइलर_काकू (११:०९)
फॉर्मचं सोपं आहे. नव्या डॉटनेटमध्ये विनफॉर्म्सचा मूळ फाँट सेगो यूआय ९ आहे, जुन्यात मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ ८.२५. फाँटच्या मापाने फॉर्म स्वतःला आखडून घेतो. फॉर्मला फाँट स्पष्ट सेगो यूआय ९ द्या.

दुसऱ्यासाठी: एसीई म्हणजे अ‍ॅक्सेसची फाइल उघडणारा ड्रायव्हर, तो एमएस ऑफिसबरोबर येतो. डेअरीच्या पीसीवर एमएस ऑफिस कुठलं आहे?

निरसं_दूध (११:११)
२००७. माझ्याकडे २०१९, ६४ बिट.

रिकामटेकडा_०७ (११:१२)
अ‍ॅक्सेस काढून एसक्यूलाइट टाका. मी तर म्हणतो

कंपाइलर_काकू (११:१३)
रात्री सव्वाअकराला डेटाबेस बदलायचा सल्ला देणाऱ्याला पहाटे साडेपाचला डेअरीत उभं करावं. निरसं_दूध, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये १६.० आहे तिथे १२.० करा. ऑफिस २००७ बरोबर १२.० येतं, ३२ बिटचं. तुमचं अ‍ॅपही आता ३२ बिटचं आहे, जमेल.

रिकामटेकडा_०७ (११:१५)
मी ‘नंतर कधीतरी’ असंच लिहिणार होतो.

निरसं_दूध (११:४८)
चाललं. फॅट मशीन जोडून घरचं दूध टाकून बघितलं. आधी रीडिंग येईना. मी कोडमध्ये पोर्ट कॉम ३ लिहिला होता, इथे कॉम १ आहे. तो बदलला. फॅट ३.८, सीएलआर २८ (घाटावरच्यांसाठी), पावती निघाली. काकू, घाटावरचे, दोघांना लोणी पाठवतो.

एकच शंका. आता डेअरीत चालतंय, पण तेच अ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर ‘प्रोव्हायडर नॉट रजिस्टर्ड’ म्हणतंय. १२.० केल्यामुळे बिघडलं का?

घाटावरचा (११:५२)
१२.० चा दोष नाही. ३२ बिटच्या अ‍ॅपला ६४ बिटच्या ऑफिसचं ड्रायव्हर लोड करता येत नाही. मगाशी डेअरीची जी रड होती ती आता तुमच्या घरी आलीय. लॅपटॉपवर काम करताना एक्स६४ ठेवा, डेअरीला देताना एक्स८६ करून बिल्ड करा. आणि द्यायच्या आधी बघा, विसरणार आहात.

निरसं_दूध (सकाळी ७:२०)
विसरलो होतो. पहाटे पाच वाजता लॅपटॉपवर एसएनएफचा आकडा सेटिंगमध्ये टाकला आणि एक्स६४ चीच फाइल घेऊन गेलो. रात्रीची फाइल पीसीच्या डेस्कटॉपवर होती म्हणून वाचलो. ६३ पावत्या निघाल्या. रजिस्टर काकांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवलंय, असू दे म्हणाले.

शाईचा_डाग (७:४१)
अभिनंदन. श्री-लिपीचं कोणी सांगेल का?