तालमीची वेळ आणि मुलांची झोप

अ-३०२ : सर्वांना नमस्कार. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम कालही सव्वाअकरापर्यंत स्पीकर लावून चालू होती. माझा सहावीतला मुलगा पहाटे पावणेसहाला उठतो. घरी न अडखळता सोडवलेली अपूर्णांकांची गणिते त्याला पहिल्या तासाला फळ्यापाशी सुटत नाहीत आणि हल्ली तो "मला गणित येतच नाही" असे म्हणू लागला आहे. मला मार्कांपेक्षा या वाक्याची धास्ती वाटते.

क-१०१ : ताई, गणपती वर्षातून एकदाच येतात. आम्हीही रात्र रात्र जागून आरास केली, तरी शिकलोच. शिवाय शाळा नऊनंतर भरवण्याचा शासनाचा निर्णय झालेला आहे.

ब-२०४ : काका, २०२४ चा तो निर्णय चौथीपर्यंतच्याच वर्गांसाठी आहे. त्यापुढच्या मुलांची व्हॅन सव्वासहालाच गेटवर येते.

ड-५०१ : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २०००.

क-१०१ : सणासाठी शासन बारापर्यंत सवलत देते, हेही लिहावे. आणि अ-३०२ मधला टीव्ही साडेदहापर्यंत आम्हाला ऐकू येतो, त्याबद्दल आम्ही कधी ग्रुपवर लिहिले नाही.

अ-३०२ : टीव्हीबद्दल आपण घरी येऊन सांगितले असते, तर त्याच दिवशी आवाज कमी केला असता.

ड-५०१ : सवलत उत्सवाच्या ठरावीक दिवसांपुरती असते, तालमीला नाही. रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे.

अ-१०४ : मी शाळेत शिकवत असताना हे फार जवळून पाहिले आहे. दिवसा शिकलेले झोपेतच पक्के होते. झोप अपुरी राहिली की लक्ष उडते आणि येत असलेले उत्तरही वेळेवर आठवत नाही. मूल अडखळते, वर्ग हसतो, आणि असे चारदा झाले की ते हात वर करणेच सोडून देते. आपण मोठी माणसे त्याला आळशी म्हणतो आणि झोपेने पेंगुळलेले ते लेकरू स्वतःला 'ढ' समजू लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते; म्हणजे पावणेसहाला उठणारे मूल पावणेनऊला झोपलेले हवे. त्या वेळी आपली तालीम नुकती सुरू होते, आणि ती संपल्यावरही काही मुले अंथरुणात मोबाईल घेऊन जागी असतात, हे पालकांनाही सांगितले पाहिजे.

क-१०१ : बाई, आपला मान राखून विचारतो, नोकरदार आठला घरी पोहोचतात, त्यांनी तालीम करायची केव्हा?

अ-१०४ : मुलांचे नाच साडेसहाला घ्यावेत. मोठ्यांचे नाटक क्लबहाऊसमध्ये दारे लावून, स्पीकरशिवाय करावे.

सचिव : उद्यापासून तसेच करू. मुलांची तालीम आठला संपेल आणि स्पीकरची किल्ली माझ्याकडे राहील.

क-१०१ : ठीक आहे. मात्र यापुढे असे निर्णय सभेत व्हावेत, ही विनंती.