मुंडावळ्या की वियानेक? इंग्लंडातल्या जूनमधल्या लग्नासाठी तिथलीच फुलं, सल्ला हवा

सांगलीची_मैना

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पुढच्या जूनच्या दुसऱ्या शनिवारी माझं लग्न आहे. मी सांगलीची, तो पोलंडचा, लुब्लिनजवळच्या एका गावातला. दोघंही सध्या इंग्लंडात, सॉमरसेटमध्ये. लग्न एका शेतावरच्या जुन्या धान्याच्या कोठारात, माणसं ऐंशीच्या आसपास. तारखेची गंमत सांगते. पोलिश लोकांत म्हणे ज्या महिन्याच्या नावात 'र' असतो तो लग्नाला शुभ. त्यांच्या भाषेत जून, ऑगस्ट, सप्टेंबर तिन्हींत तो आहे. पण ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आपला चातुर्मास! आईने पंचांग उघडलं, त्याच्या आईने कॅलेंडर, आणि एकमेकींचा एक शब्द कळत नसताना दोघींचं जूनवर एकमत झालं.

आता खरा प्रश्न. आम्ही ठरवलंय की विमानाने आलेलं एकही फूल नको. इथे दुकानात गुलाब केनियाचे आणि बाकीचं हॉलंडच्या लिलावातून आलेलं. शेजारच्या गावात एक बाई दीड एकरात फुलं लावते आणि बादलीच्या हिशोबाने विकते. ती म्हणाली, "काय हवं ते आत्ताच सांग, म्हणजे पेरते." आणि मला उत्तरच सुचेना. मला हवेत झेंडूचे हार, मोगऱ्याचे गजरे, फुलांच्या मुंडावळ्या. त्याच्या आईला हवाय वियानेक, म्हणजे नवरीच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट. माझं डोकं एकच आहे.

आई म्हणते, "झेंडूशिवाय कसला मांडव?" काय करू?

---

वाफा_आणि_वारा

अभिनंदन! मी केंटमध्ये बारा वर्षं परसात फुलं लावतेय, म्हणून हक्काने लिहिते.

झेंडूचा हट्ट जूनमध्ये धरू नकोस. मेच्या मध्यापर्यंत इथे रात्री दव गोठवणारी थंडी पडू शकते आणि झेंडूला तसली एक रात्रसुद्धा झेपत नाही. फेब्रुवारीत उबदार काचघरात रोपं केली तर जूनअखेर थोडी फुलं येतील, पण हारांना पुरतील एवढी नाहीत. त्याऐवजी त्या बाईंना कॅलेंडुला पेरायला सांग, आत्ता, याच आठवड्यात. थंडी काढून ती मेपासून धो-धो फुलते. रंग तोच केशरी-पिवळा. पोलिशमध्ये तिला नागिएतेक म्हणतात आणि तिकडे ती घरोघरी असते, त्यामुळे सासूबाईंनाही ओळखीची. सोबत कॉर्नफ्लॉवर सांग, तोही आत्ताच पेरतात. केशरी हारात मधेमधे निळं फूल काय दिसतं!

कॅलेंडुलाचे देठ चिकट असतात, ओवताना बोटं राळ लागल्यासारखी होतात. सुई मधोमध, फुलाच्या बुडातून घाल. एका हाराला शंभर-सव्वाशे फुलं लागतात. दोन हारांना अडीचशे धर आणि पन्नास जास्त माग.

गजऱ्याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून शेवटी ठेवलं. इथे फिलाडेल्फस नावाचं झुडूप मेअखेर ते जून फुलतं. पांढरं, चार पाकळ्यांचं, आणि वास असा की डोळे मिटले तर अंगणात मोगरा आहे असं वाटावं. आता ऐक, पोलंडमध्ये लोक याच झुडपाला सरळ 'याश्मीन' म्हणतात. म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या लेखी जाईजुई हीच. मोगऱ्याचा आणि त्याचा जातकुळीने काही संबंध नाही, पण त्या दिवशी कोण विचारतंय? फक्त सकाळी कळ्या असतानाच तोडायचा आणि ओला रुमाल पांघरून ठेवायचा. उमललेला गुंफलास तर मंगलाष्टकं संपेपर्यंत पाकळ्या खांद्यावर. माझ्या भाचीच्या बारशाला मी हेच करून बसले होते.

---

मिरजेचा_अण्णा

आईला माझा निरोप सांगा. झेंडू मुळात मेक्सिकोचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमागून इकडे आला. निशिगंधही मेक्सिकोचाच. दसऱ्याला आपण दाराला जे बांधतो ते चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी पाहिलंही नव्हतं. त्यांनी तेव्हा जवळ जे फुललं ते ओवलं. हाराचा दोरा आपला, फूल त्या त्या गावचं. मांडवाचंही तसंच, आंब्याचं पान मिळणार नाही तर बे लॉरेलचं तोरण करा. पान जरा लहान, पण घाट जवळपास सारखा आणि टिकतंही.

दुसरं. तुम्ही सांगलीच्या आणि पोलंडचा जावई करताय, तर कोल्हापूरजवळचं वळिवडे माहीत आहे ना? दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. शाळा, चर्च, सगळं होतं. म्हणजे ही सोयरीक काही अगदीच नवी नाही. लग्नात कोणी भाषण करणार असेल तर हे जरूर सांगा. हॉलमधल्या म्हाताऱ्या पोलिश माणसांचे चेहरे बघा त्या वेळी.

---

लिंबलोण

सहा वर्षं पोलंडात व्रोत्सवाफला राहिलेय, माझी जाऊ तिथलीच. तीन गोष्टी, पहिली सगळ्यात महत्त्वाची.

शेवंती अजिबात नको. आपल्याकडे देवाला, वेणीला, सगळीकडे शेवंती. पोलंडमध्ये ते स्मशानाचं फूल आहे. १ नोव्हेंबरला सगळे पितरांच्या कबरींवर जातात तेव्हा कुंड्याच्या कुंड्या शेवंती असते. माझ्या साखरपुड्याला मी हौसेने पिवळ्या शेवंतीची वेणी घातली होती. जाऊबाईंची आई एक शब्द बोलली नाही, पण तिने चहाचा कप खाली ठेवला आणि परत उचलला नाही. दोन वर्षांनी कारण कळलं. तसंच हातात द्यायच्या गुच्छात फुलं विषम मोजा. सम संख्या अंत्यविधीची. म्हणजे आपण अकरा रुपये देतो तसंच, समजावून सांगायला सोपं.

दुसरं, वियानेक. जुन्या काळी तो नुसत्या फुलांचा नसे, त्यात रोझमेरी आणि 'रुता' असे. रुता म्हणजे काय माहीतेय? आपला सताप! बाळाला धुरी देताना आजी जो टाकायची तोच. पण डोक्यावर घालू नकोस. सतापाचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की फोड येतात, आणि डाग महिनोन् महिने जात नाहीत. जूनच्या उन्हात कपाळावर तर मुळीच नको. रोझमेरी आणि मर्टल घ्या. सताप हवाच असेल तर कुंडीत, दारात.

तिसरं, 'डोकं एकच' याचं उत्तर पोलिश रीतीतच आहे. मध्यरात्री ओचेपिनी असतो, तेव्हा नवरीचा मुकुट किंवा ओढणी समारंभाने उतरवतात. मुलगी संपली, बाई झाली. म्हणून दुपारी मंगलाष्टकांना मुंडावळ्या, सहानंतर वियानेक, बाराला ओचेपिनी. मुंडावळ्या सोडवून तुझ्या आईने तुझ्या डोक्यावर वियानेक घालावा आणि रात्री तो सासूबाईंनी उतरवावा. मी असते तर असंच केलं असतं.

---

सांगलीची_मैना

शेवंतीचं वाचून अंगावर काटा आला. मी यादीत पहिलीच लिहिली होती! आणि सताप... आमच्या परड्यात न्हाणीच्या कडेला आहे. आईला फोन केला तर म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडेही आजी असते तर." आता तिने सासूबाईंचा फोटो मोबाईलच्या वॉलपेपरला लावायचा तेवढा बाकी राहिलाय.

वाफाताई, बाईंनी कॅलेंडुला आणि कॉर्नफ्लॉवर पेरलं. डिजिटॅलिसही देते म्हणाली, उंच जांभळी, मांडवाच्या खांबांना. चालेल का?

---

वाफा_आणि_वारा

खांबाला चालेल. जेवणाच्या टेबलावर, केकवर किंवा लहान मुलांच्या हाताशी नको, सगळं झाड विषारी असतं. डेल्फिनियमचंही तेच. जूनमध्ये पिओनीही असते. कळी बोटांनी दाबून मऊ लागली की तोड, कडक तोडलीस तर उघडणारच नाही. आणि त्या बाई खांबांसाठी फुलं खोचायचा हिरवा स्पंज देऊ लागल्या तर नको म्हण. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. आरएचएसने (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, इथली बागकामाची मोठी संस्था) सुद्धा २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत बंद केलाय. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल दुमडून भांड्यात बसव, फुलं घट्ट उभी राहतात.

बाईंचं पीक आयत्या वेळी पावसाने झोपलं तर 'फ्लॉवर्स फ्रॉम द फार्म' या संघटनेत बघ. ब्रिटिश फुलं पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची आहे, २०११पासूनची. आसपासची आणखी दोन-तीन नावं आत्ताच काढून ठेव.

---

तीन_शून्य

फुलांचा नाही, पण विचारलं नाही तरी सांगतो. अंतरपाटावर काय काढणार आहात?

आपल्याकडे सर्रास कुंकवाचं स्वस्तिक असतं. तुमची पाहुणे मंडळी लुब्लिनकडची. मायदानेकची छळछावणी त्याच शहराच्या कडेला होती. ऐंशीच्या पुढची आजी समोरच्या रांगेत बसली असेल आणि दोन माणसांनी पांढऱ्या कापडावर लाल स्वस्तिक धरून उभं राहायचं... तिला नंतर कितीही समजावलं की हे हजारो वर्षांपूर्वीचं, शुभ, तरी तो क्षण गेलाच. वाद घालणारे येतील की आपण का बदलायचं. मी म्हणतो, अंतरपाटाचं काम दोघांच्या मधे पडदा धरणं आहे, चिन्ह दाखवणं नव्हे. स्वस्तिक हवंच तर देवकाच्या पूजेला घरात काढा.

---

मिरजेचा_अण्णा

पटलं. मी वाद घालायलाच आलो होतो, आजी वाचून थांबलो. कापड कोरं ठेवा आणि त्याला कडेने तुमची तीच निळी-केशरी फुलं टाचा. आमच्याकडे कलशही काढतात.

---

लिंबलोण

+१. रांगोळीतही तेच सांभाळा. रांगोळीवरून आठवलं, फुलांचीच काढा. पोलंडच्या मध्यभागी स्पिचिमिएश नावाचं गाव आहे, तिथे कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाला मिरवणुकीच्या रस्त्यावर गावकरी पाकळ्यांचे गालिचे घालतात, जवळजवळ दोन किलोमीटर. पोलंडमधली ही फुलगालिच्यांची परंपरा २०२१मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. सण येतो मेअखेर ते जून, म्हणजे नेमका तुमच्या लग्नाच्या आसपास. सासरच्या बायकांना दाराशी एक चौकोन देऊन टाका आणि आईला शेजारचा. बोलता येत नसलं तरी पाकळ्या एकमेकींकडे सरकवता येतात.

---

कोर्टकचेरी

घाईत आहे, दोनच ओळी. इंग्लंडात नुसत्या आपल्या विधींनी लग्न कायदेशीर होत नाही. आधी नोंदणी करा, नोटीस दिल्यावर मधे पूर्ण २८ दिवस जावे लागतात आणि परदेशी नागरिकांच्या बाबतीत ती मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. अक्षतांचं मालकाला आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी तांदूळ टाकू देत नाहीत, वाळवलेल्या पाकळ्या चालतात.

---

सांगलीची_मैना

अक्षतांचं विचारलं. तांदूळ नाहीच म्हणाले. त्या बाई कॉर्नफ्लॉवर आणि गुलाबाच्या पाकळ्या वाळवून देणार आहेत. आई त्यात हळद लावलेले मूठभर तांदूळ लपवून मिसळणार आहे, हे मला माहीत नाही असं ती समजते.

बाईंकडे अजून या वर्षीची कॅलेंडुला फुलतेय, म्हणून गेल्या शनिवारी एक हार करून पाहिला. रात्री बसून एकशे दहा फुलं ओवली, बोटं काळी-चिकट, गॅरेजमध्ये गारव्यात ठेवला. सकाळी बघते तर सगळी फुलं मिटलेली! हार नव्हे, हिरव्या बोंडांची माळ. मला रडूच आलं. बाईंना फोन केला तर त्या हसल्या, कॅलेंडुला अंधारात झोपते म्हणे. खिडकीत उन्हाला टांगला तर दहापर्यंत निम्मीअर्धी उघडली, बाकीची रुसलेलीच.

---

वाफा_आणि_वारा

अरेच्चा, हे सांगायचंच राहिलं, चूक माझी. मी नेहमी सकाळी तोडून सकाळीच ओवते, त्यामुळे लक्षातच येत नाही. बाकी सगळी फुलं आदल्या संध्याकाळी तोडून रात्रभर गार पाण्यात ठेवायची. कॅलेंडुला तेवढी त्याच दिवशी, पूर्ण उघडल्यावर, दव सुकल्यावर. मुहूर्त कधीचा?

---

सांगलीची_मैना

साडेबारा. म्हणजे नऊला तोडायची आणि साडेअकरापर्यंत अडीचशे फुलं ओवून व्हायला हवीत. आई, मावशी आणि सासूबाई धरून तीन जोड्या हात आहेत. मला मेंदीच्या हाताने कोणी सुई धरू देणार नाही. सॉमरसेटच्या आसपास कोणी आहे का हो?

---

वेणीफणी

ब्रिस्टॉल. पावणेनऊला येते. लांब सुया माझ्याकडे आहेत, चहा तेवढा तयार ठेवा. सासूबाईंना दोरा धरायला बसवू.