टोकियो-ओसाका: टॅब्लेटवर ऑर्डर देता येईल असं साधं जपानी रेस्टॉरंट सुचवा (सोबत शाकाहारी सासूबाई)

मृण्मयी_ठाणे
मे महिन्यात, गोल्डन वीकची (तिथल्या मोठ्या सुट्ट्यांच्या आठवड्याची) गर्दी ओसरल्यावर, आम्ही चौघं जपानला जातोय. आधी टोकियो, मग ओसाका. मी आणि नवरा सगळं खातो. लेक नऊ वर्षांची, मासे आवडीनं खाते, पण तिखट अजिबात नको. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. अंडं नाही, दूध-दही चालतं. जपानी आमच्यापैकी कोणालाच येत नाही, म्हणून टेबलावर टॅब्लेट असलेली ठिकाणं हवीत. चित्र बघायचं, बोट ठेवायचं, झालं. बजेट एका जेवणाला माणशी १५०० येन. भारतीय रेस्टॉरंटं कृपया सुचवू नका. पट्ट्यावरून येणाऱ्या बशा खुद्द सासूबाईंनाच बघायच्या आहेत.

सागरगोटा
डोळे झाकून कुरा सुशीत जा, पट्ट्यावरच्या सुशीची साखळी आहे. आम्ही सहकुटुंब गेलो होतो, मुलं उठायलाच तयार नव्हती. रिकाम्या बशा टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायच्या. पाच बशा झाल्या की स्क्रीनवर खेळ सुरू होतो आणि जिंकलात तर वरून खेळण्याची डबी घरंगळत येते. लेकीसाठी यापेक्षा चांगलं काही नाही.
पद्धत अशी: दारातल्या यंत्रावर माणसं किती आणि टेबल हवं की काउंटर ते सांगायचं, नंबराची चिठ्ठी मिळते. टेबलाशी बसलात की आधी टॅब्लेटवरचं भाषेचं बटण शोधा, इंग्रजी असतंच. मागवलेली बशी वरच्या पट्टीवरून धावत येऊन तुमच्यासमोर थांबते. वासाबी (ती झणझणीत हिरवी चटणी) बहुतेक सुशीत आधीपासून नसतो, वेगळ्या पुड्या ठेवलेल्या असतात. म्हणजे तिखटाचा प्रश्न मिटला.

खवय्या_दादर
जपानला जाऊन पट्ट्यावरची सुशी खाणं मला पटत नाही. टोकियोच्या गिन्झा भागात आठ खुर्च्यांचं काउंटर शोधा, शेफ देईल ते खा. माणशी वीस-पंचवीस हजार येन जातील, पण ती चव जन्मभर लक्षात राहते. मी अजून विसरलेलो नाही.

मृण्मयी_ठाणे
खवय्या, बजेट १५०० आहे हो. आणि शाकाहारी माणसाला तिथे काय मिळणार?

खवय्या_दादर
त्यांना हॉटेलवर थांबू द्या. एका संध्याकाळचा प्रश्न आहे.

पोळीभाजी
खवय्यांशी असहमत. वयस्कर माणसाला परदेशात खोलीवर एकटं बसवून आपण जेवायला जायचं, हे कसं सुचवू शकता?
मृण्मयीताई, तुम्ही नको म्हणालात तरी सांगते. निशिकासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे डोसा, थाळी सगळं मिळतं. सोबत ठेपले, मेतकूट, दाण्याची चटणी न्याच. आम्ही नेलं होतं म्हणून निभावलं.

तोजो_गल्ली
टॅब्लेट म्हटलं की मला इझाकाया, म्हणजे जपानी पब, आठवतं. आमच्या मित्रांच्या गटात मीच ऑर्डर देणारा. बसल्या बसल्या न मागवलेली छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. ती फुकट नसते, बसण्याचे पैसे असतात, माणशी ३०० ते ५०० येन. एका ठिकाणी आम्हाला उकडलेल्या गोगलगायी आल्या. कोणी खाल्ल्या नाहीत, पण बिलात लागल्या. तोरिकिझोकुत ओतोशी नाही आणि सगळ्या पदार्थांना एकच दर, तिथे जा.

सागरगोटा
तोरिकिझोकु म्हणजे कोंबडीच्या काड्या. सासूबाई शाकाहारी आहेत, वर स्पष्ट लिहिलंय.

तोजो_गल्ली
कोबी मिळतो. आणि नऊ वर्षांच्या मुलीला कोंबडी आवडेल.

कान्तो_निवासी
इथे बरीच वर्षं राहतोय, घरात आई शाकाहारी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. टॅब्लेटनं भाषेची अडचण सुटते, पण पदार्थात काय आहे ते कळत नाही. आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.
जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे रस्स्याचं पाणी. तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या तासांपासून करतात. मिसो सूप, चवानमुशी (वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड), उदोन या जाड नूडल्सचं पाणी, गोड ऑम्लेट, सगळीकडे तो असतो. इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीतला भात, दिसायला शाकाहारी, पण ती पिशवी बहुतेक वेळा दाशीत शिजवलेली असते. कान्प्यो, म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा रोल, त्याचंही तसंच. टेबलावर ठेवलेल्या काही सॉय सॉसमध्येसुद्धा दाशी मिसळलेला असतो. सॉयची छोटी बाटली सुपरमार्केटातून साधी बघून विकत घ्या आणि पर्समध्ये ठेवा.
बरेच जण सांगतील की अ‍ॅलर्जीचा तक्ता बघा. बघाच, पण तो कशासाठी आहे ते ध्यानात घ्या. पाकिटबंद खाण्यावर लिहिणं बंधनकारक असलेल्या घटकांत कोळंबी, खेकडा, अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणे आहेत, अक्रोड २०२३ मध्ये आला. साखळी रेस्टॉरंटांचे तक्तेही याच धर्तीवर असतात. ऐच्छिक यादीत बांगडा आणि सामन आहेत, बोनिटो नाही. त्यामुळे दाशी घातलेला पदार्थ तक्त्यात मासेमुक्त दिसू शकतो. अंड्यासाठी मात्र तक्ता उपयोगी आहे. कॉर्न-मेयोच्या सुशीत अंडं असतं, ते तिथे कळतं. आइस्क्रीमचंही कळतं.
सासूबाईंसाठी कप्पा माकी (काकडीचा रोल), नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) चालत असेल तर नात्तो माकी, एदामामे (उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा) आणि फळं. काकडीचा रोलही त्याच फळीवर, त्याच सुरीनं कापलेला असतो, हे त्यांना आधी सांगा.

मृण्मयी_ठाणे
कान्तो_निवासी, मनापासून आभार. मी ब्लॉगवर वाचून इनारीवर विसंबून होते. फ्राइज चालतील का?

कान्तो_निवासी
बटाटाच असतो, पण कोळंबीचा तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेली कोळंबी) त्याच तेलात तळलेला असण्याची शक्यता धरा.

मृण्मयी_ठाणे
मग नको. तेल एकच असेल तर त्या खाणार नाहीत.

गिरगावचा_बाळ
कप्पा माकी +१. वासाबी नसतो हेही खरं.
अवांतर: हा सरकता पट्टा ओसाकाचाच शोध आहे. शिराइशी योशिआकी यांनी बिअर कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि १९५८ मध्ये हिगाशी-ओसाकात गेनरोकु सुशी सुरू केलं. १९७० च्या ओसाका एक्स्पोनंतर ते देशभर माहीत झालं. तुम्ही ओसाकाला जाताय तर गेनरोकुतच जा.

सागरगोटा
इतिहास ठीक आहे, पण बक्षिसाची डबी कुराच देतं.

नवी_मुंबईकर_मी
पट्टा, पट्टा काय? २०२३ च्या जानेवारीत सॉसच्या बाटलीला जीभ लावणाऱ्या मुलाचा व्हिडिओ फिरला, तेव्हापासून कित्येक ठिकाणी पट्ट्यावर सुशी फिरतच नाही. फक्त मागवलेली बशी येते. सासूबाईंचा हिरमोड होईल, आधीच सांगून ठेवा. आणि ते सगळं मला स्वच्छ वाटत नाही.

सागरगोटा
कुराच्या बशांवर पारदर्शक झाकण असतं. बशी ओढली की ते आपोआप उघडतं. स्वच्छतेबद्दल न बघता बोलू नये.

नवी_मुंबईकर_मी
बघूनच बोलतेय. झाकण बशीवर आहे. चहाच्या पावडरच्या डब्याला तर शंभर हात लागतात.

आज्जीचा_नातू
चहावरून आठवलं, हे कोणीच लिहिलं नाही. टेबलावर काळं बटण असलेला छोटा नळ असतो, ते बटण कपानं दाबायचं. त्यातून उकळतं पाणी येतं, ग्रीन टी बनवायला. माझ्या पुतण्यानं हात धुवायचा नळ समजून बोटं पुढे केली आणि ती चांगलीच भाजली. लेकीला बसल्या बसल्या सांगा.
सुशिरो या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुसऱ्या साखळीच्या काही शाखांत टेबलाशेजारी लांबलचक स्क्रीन आहे, त्यावर चित्रातल्या बशा फिरतात. पट्ट्याची हौस त्यावर बऱ्यापैकी भागते.

पोळीभाजी
ठेपले विसरू नका. बाहेरचं खाणं रेस्टॉरंटात उघडू नका मात्र, तिथे चालत नाही.

आमटीभात
इतकं डोकं कशाला? कोको इचिबान्या या साखळीची करी. शाकाहारी सॉस वेगळा मिळतो, त्यात प्राण्यांपासूनचे घटक घातलेले नसतात, पालक घालून घ्या. भात किती आणि तिखट किती ते आपण ठरवायचं. पुष्कळ शाखांत टॅब्लेट आहे. शाकाहारी सॉस सगळ्या शाखांत असतोच असं नाही, आधी विचारून आत शिरा. बजेटात आरामात बसतं.
टोकियो स्टेशनात टीज तानतान आहे, संपूर्ण वीगन रामेन (रस्स्यातल्या नूडल्स). ते तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे, म्हणून शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) पकडायच्या दिवशी जमवा.

तोजो_गल्ली
फॅमिली रेस्टॉरंटही बघा. गुस्तोत टॅब्लेट आहे आणि मांजराच्या तोंडाचा रोबो जेवण आणून देतो. रात्री दहानंतर १० टक्के जास्त लावतात, लवकर जा.

खवय्या_दादर
रोबो, खेळणी, करी! जपानी जेवणाबद्दल या धाग्यात मी सोडून कोणी बोलतच नाहीये. निदान एकदा तरी चांगल्या काउंटरला बसा.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे आभार. घरी सविस्तर बोलले. आईंना इनारीचं, तेलाचं, सुरीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काकडीचे रोल पुरे, पण मी हॉटेलवर बसणार नाही आणि एवढ्या लांब जाऊन डोसाही खाणार नाही."
तर ठरलं असं. ओसाकात कुरा, दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे गर्दी नसेल. आई दुपारचं जेवण आधी कोकोत करतील. मग कुरात आम्ही खाऊ आणि बशा फटीत टाकायचं काम त्यांचं. सॉयची बाटली सोबत. गिन्झा नाही, निशिकासाई नाही, इझाकाया नाही.

कान्तो_निवासी
तीनची वेळ उत्तम. शनिवार-रविवार मात्र टाळा, तेव्हा तीनलाही रांग असते. खाऊन झालं की टॅब्लेटवर बिलाचं बटण दाबा. टेबलावरचा नंबर घेऊन दारातल्या यंत्रापाशी जा, तिथे स्वतःच पैसे भरायचे. टिप ठेवू नका.

पोळीभाजी
आधी जेवून मग दुसऱ्या ठिकाणी नुसतं बसायचं, हे मला काही पटलं नाही. पण आईंना हौस आहे तर जाऊ द्या.

वाशीची_स्मिता
धागा वाहता आहे म्हणून इथेच विचारते. आम्ही सहा जणी नोव्हेंबरात जाणार आहोत. टॅब्लेटवर प्रत्येकीचं बिल वेगळं करता येतं का?

कान्तो_निवासी
पट्ट्याच्या सुशीत बशा टेबलाच्या हिशोबात धरतात. एकीनं भरा, मग आपापसात वाटून घ्या. वेगळंच हवं असेल तर काउंटरच्या जागा मागा, तिथे प्रत्येकीला आपलं आपलं भरता येतं.