नवा कॉम्प्युटर राऊटरवर चालत नाही, जुना त्याच वायरवर चालतो. काय घेऊ?

वहीखातं

नमस्कार. सहकारनगरला आमचं जुनं बैठं घर आहे, भिंती जाड विटांच्या. राऊटर हॉलमध्ये आणि माझं टेबल पार मागच्या खोलीत. मी घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. लोकांचे पासवर्ड, बँकेची स्टेटमेंट्स माझ्या मशीनवर असतात, म्हणून २०१२ चा कॉम्प्युटर बदलायचाच असं ठरवलं आणि तपकीर गल्लीतून नवा असेंबल करून आणला.

अडचण अशी की त्याला नेट मिळत नाही. विंडोज ११ सुरुवातीलाच नेट मागतं, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर, म्हणजे फोनच्याच नेटवर, ती पायरी पार केली. पण राऊटरची वायर लावली की कनेक्शन आल्यासारखं वाटतं आणि लगेच जातं. तीच वायर काढून जुन्या कॉम्प्युटरला लावली की सगळं व्यवस्थित. म्हणजे वायर चांगली आहे हे नक्की.

दुकानदार म्हणतो राऊटर बदला. भाचा म्हणतो वायफायचा डोंगल घे. शेजारचे म्हणतात तीन डब्यांचं मेश, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारा संच, बसवा. २० तारखेला ३बी (जीएसटीचा महिन्याचा रिटर्न) भरायचा आहे, आज १३. दीड हजारापर्यंत खर्च करीन, पण एकदाच आणि योग्य जागी. काय घेऊ?

पर्वतीपायथा

ताई, आधी काहीच घेऊ नका. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा, त्यात आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारा. इथरनेटखाली (म्हणजे वायरच्या कनेक्शनखाली) आयपी पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राऊटरने कॉम्प्युटरला ओळखलंय, घोळ पुढे कुठेतरी आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता आलाच नाही, विंडोजने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतलाय. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (यंत्रांना पत्ते आपोआप वाटणारी सोय) चालू आहे का आणि मॅक फिल्टर (ठरावीक यंत्रांनाच आत घेणारी यादी) लावलाय का ते बघायचं. मॅक फिल्टर असला की यादीतली जुनी यंत्रं चालतात आणि नवं बाहेर राहतं. आमच्याकडे मुलीच्या टॅबला नेमकं हेच झालं होतं, दोन दिवस गेले शोधण्यात.

रात्रपाळी

डोंगल घेणारच असाल तर दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारा) घ्या आणि कॅबिनेटच्या मागे थेट खोचू नका. पत्र्याचा डबा सिग्नल अडवतो, शिवाय यूएसबी ३ च्या पोर्टचा २.४ गिगाहर्ट्झला त्रास होतो. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणा. पण खरं सांगू का, जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झ मागच्या खोलीपर्यंत नीट पोचणार नाही. पोर्टलवर रिटर्न भरताना मध्येच कनेक्शन गेलं की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वायर असेल तर वायरच वापरा.

वहीखातं

दोघांचेही आभार. आयपीकॉन्फिग केलं. दोन्हीपैकी एकही पत्ता नाही, इथरनेटखाली मीडिया डिस्कनेक्टेड एवढंच येतं. मध्येच एकदा १६९.२५४ दिसला, पुन्हा केलं तर परत डिस्कनेक्टेड. दुकानदाराने दिलेल्या लिंकवरून लॅनचा ड्रायव्हरही टाकला, फरक नाही. मागे पोर्टपाशी छोटा दिवा आहे. तो लागतो, चार-पाच सेकंदांनी विझतो, पुन्हा लागतो. जुन्या कॉम्प्युटरला मात्र अखंड लागलेला असतो.

जोडणी

हा दिवा महत्त्वाचा आहे. पत्ता वगैरे पुढच्या गोष्टी, इथे मुळात दोन टोकांची गाठच पक्की बसत नाहीये. मी वीस वर्षं ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या वायरी ओढतोय, म्हणून विचारतो. दोन कामं करा. एक, नवा कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये न्या आणि राऊटरच्या खोक्यात आलेल्या छोट्या वायरने थेट जोडा. दोन, मागच्या खोलीतल्या वायरच्या टोकाची पारदर्शक पिन उजेडात धरा आणि आत किती रंगांच्या तारा आहेत त्या मोजा. आठ हव्यात. आणि ती वायर कोणी, कधी टाकली तेही सांगा.

वहीखातं

हॉलमध्ये नेला. पहिल्या क्षणाला चालला! दिवा स्थिर, पोर्टल उघडलं, अपडेटही सुरू झाले. म्हणजे कॉम्प्युटरही चांगला आणि राऊटरही.

मग पिन मोबाईलच्या टॉर्चखाली धरली. चारच तारा आहेत. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी आणि हिरवी. मधल्या दोन जागा रिकाम्या, कडेच्या दोन रिकाम्या. वायर आमच्या केबलवाल्याने बारा-तेरा वर्षांपूर्वी टाकली. सासऱ्यांच्या खोलीत लँडलाइनचं एक्स्टेन्शन हवं होतं, तेव्हा तो म्हणाला होता की याच वायरमधून काढून देतो, दुसरी ओढायला नको. निळी जोडी कापून त्या फोनच्या डबीला लावली आहे, आजच बघितलं. तपकिरी जोडी नुसतीच कापून आत ढकललीय.

सासरे जाऊन चार वर्षं झाली. फोनही बंद आहे, डबी तेवढी भिंतीवर राहिली.

जोडणी

सापडलं ताई. केबलवाल्याने तेव्हा चूक केली असं म्हणणार नाही. शंभर एमबीपीएसच्या वेगाला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. पिनमधल्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या जागा. उरलेल्या जोड्या फोनला वापरायची पद्धतच होती. तुमच्या २०१२ च्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड बहुधा शंभरचंच असणार, म्हणून त्याला कधी काही कमी पडलं नाही.

नव्याचं कार्ड गिगाबिटचं (म्हणजे हजार एमबीपीएसचं) किंवा त्याहून वरचं, आणि फायबरबरोबर आलेला राऊटरही गिगाबिटचा असावा. वायर लावली की दोन्ही टोकं आधी आपापसात वेग ठरवतात. ही बोलणी नारिंगी-हिरव्या जोड्यांवरूनच होतात, त्यामुळे ती बिनचूक पार पडतात. दोघंही म्हणतात, चला गिगाबिट. पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी आणि तपकिरी नाहीच म्हटल्यावर जोडणी तुटते, आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून बोलणी करतात. तुमचा दिवा लागतो-विझतो तो असा. काही कार्डं अशा वेळी आपणहून शंभरवर उतरतात, तुमचं उतरत नाहीये.

जुन्यावर चाललं म्हणजे वायर चांगली, हे दुकानदारालाही पटलं असेल, पण ती वायर चांगली होती फक्त शंभरपुरती. राऊटर बदलला असता तर हीच गोष्ट नव्या राऊटरवर पुन्हा झाली असती.

आता सल्ला. नवी कॅट ६ (गिगाबिटला चालणारी, चार जोड्यांची) वायर ओढून घ्या. मागच्या खोलीपर्यंत फार तर वीस-पंचवीस मीटर लागेल, मर्यादा शंभर मीटरची असते. त्याच पाइपातून जुनी वायर बाहेर ओढताना तिच्या शेपटीला नवी बांधायची, भिंत फोडावी लागत नाही. तुमच्या दीड हजारात मजुरीसकट बसावं.

पर्वतीपायथा

वायर घेताना प्युअर कॉपर मागा आणि दुकानातच आतली एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत लालसर निघाली तर तांबं, पांढरट निघाली तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते वाकवलं की तुटतं, आणि पाइपातून ओढताना तर नक्कीच.

रात्रपाळी

२० तारखेपर्यंत वायरमन आला नाही तर? डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबला स्पीड अँड डुप्लेक्स असतं, तिथे १०० फुल डुप्लेक्स करून चालेल ना?

जोडणी

तपासणीपुरतं करून बघायला हरकत नाही, चाललं तर निदान पक्कं होईल. पण कायम तसं ठेवू नका. काही कार्डं वेग असा बांधून दिला की बोलणीच बंद करतात. मग राऊटर आपल्या बाजूने हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) धरतो आणि नेट अडखळत चालतं. त्यापेक्षा फायबरच्या आधीचा राऊटर घरात पडला असेल तर तो काढा. त्याची पोर्टं बहुतेक शंभरचीच असतात. त्याचा डीएचसीपी बंद करा, आयपी पत्ता नव्या राऊटरपेक्षा वेगळा द्या, मागच्या खोलीतली वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये आणि तिथून छोटी वायर कॉम्प्युटरला. वॅन पोर्टमध्ये (जिथे बाहेरचं नेट येतं) लावू नका. बोलणी आपोआप शंभरवर ठरतील.

वहीखातं

उशिरा लिहितेय. जुना राऊटर माळ्यावर सापडला, तुम्ही सांगितलं तसाच लावला आणि १८ तारखेपर्यंत सगळे रिटर्न त्याच्यावर भरून झाले. शंभरच्या प्लॅनला चौऱ्याण्णवपर्यंत वेग दिसत होता, तक्रार करायला जागाच नव्हती.

काल वायरमन आला. अप्पा बळवंत चौकातून घरी येताना वायर मीच आणली होती, तार खरवडून, लालसर बघून. जुनी वायर ओढताना फोनच्या डबीपाशी अडकली, डबी काढावी लागली. स्क्रू गंजले होते, अर्धा तास त्यातच गेला. नवी वायर घातली, आठही तारा पिनमध्ये बसवल्या, दोन्ही टोकं टेस्टरवर तपासली. आता दिवा स्थिर आहे आणि सेटिंगमध्ये १०००/१००० दिसतं. एकूण अकराशे रुपये गेले.

डबी मी टाकली नाही, ठेवून दिली आहे. जोडणी, एक शेवटचं विचारते: वायरमनने जुनी वायर गुंडाळी करून इथेच ठेवलीय. तिच्या दोन जोड्या अजून शाबूत आहेत. सीसीटीव्हीच्या एका कॅमेऱ्याला ती चालेल का?

जोडणी

नेटवर्कच्या वायरीवर चालणारा कॅमेरा बहुतेक शंभरचाच असतो, तसा असेल तर डेटापुरती चालेल. पण डबीपाशी जिथे कापली होती तो तुकडा काढून टाका आणि दोन्ही टोकांना पिना नव्या मारून घ्या. घराबाहेर उन्हा-पावसात मात्र ती टाकू नका, घरातल्या वायरीचं आवरण तिथे फार टिकत नाही.