नाट्यरूपांतर असले म्हणजे माहितीपट खोटा ठरतो का?

ज्या माहितीपटात घडून गेलेले प्रसंग नट घेऊन पुन्हा उभे केले जातात, त्याला माहितीपट म्हणूच नये, असे मत एका चर्चेत मांडले गेले आहे; ते मला सरसकट पटत नाही. शंका अगदीच अनाठायी नाही; ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या माहितीपटात कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून एक बाजू उघडी असलेले इग्लू (बर्फाचे घर) बांधले होते, पडद्यावर मात्र ते राहते घर भासते. परंतु दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांचा माहितीपट ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) त्या चर्चेत अजून कोणीच कसा सुचवला नाही, याचे नवल वाटते, कारण तेथे हेच तंत्र नेमके उलट्या कामी आले आहे.

१९७६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल अ‍ॅडम्स यांना दोषी ठरवण्यात आले. मॉरिस ती रात्र एकदा दाखवून थांबत नाहीत. निरनिराळ्या जबान्यांप्रमाणे ती पुन्हापुन्हा रचतात, त्यामुळे पडद्यावर दिसते ते ‘असे घडले’ नसून ‘असे सांगितले गेले’ हे प्रेक्षकाच्या हळूहळू ध्यानात येते. भिरकावलेला मिल्कशेकचा पेला संथ गतीने रस्त्यावर पडतो, आणि मृत पोलिसाची सहकारी पोलीस त्या क्षणी गाडीबाहेर होती की आतच बसून होती, हा प्रश्न त्या पेल्याभोवती उभा राहतो. निवेदक नाही, फिलिप ग्लास यांचे संगीत तेवढे आहे (काहींना ते कंटाळवाणे वाटेल, मला नाही). चित्रपटामुळे प्रकरणाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स तुरुंगातून सुटले.