बाहेर सारे ठीक असताना आतून ताण का येतो?

खातेवही (वडगाव, बेळगाव)

नमस्कार. माझे वय ४३ असून गेली १७ वर्षे मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. घराचे कर्ज गेल्या दिवाळीत फिटले, मुलगी बारावीला आहे आणि तिचा अभ्यास सुरळीत चालू आहे, सासूबाईंची तब्येत त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. बोट ठेवून दाखवावे असे दुखणे घरात नाही. तरीही गेले आठ-दहा महिने पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच, मान आणि खांदे ओढल्यासारखे राहतात, जेवणानंतर पोटात जळजळते, आणि दातांच्या डॉक्टरांनी तर झिजलेल्या दाढा पाहून "झोपेत दात खाता का?" असे विचारले. सर्वांत नवलाची गोष्ट ही, की चिडचिड कामाच्या दिवसांपेक्षा रविवारी जास्त होते.

मैत्रिणी सांगतात, टेन्शन घेऊ नकोस. पण ते मी नेमके कुठून उचलून आणते, हेच मला सापडत नाही. बाहेर कारण नसेल तर ते आत असणार; मग आतले कारण शोधायचे कसे, आणि गोळ्यांच्या वाटेला न जाता त्यावर काय करता येईल? शेजारणीने अश्वगंधाची बाटली आणून दिली आहे. ती मी अजून उघडलेली नाही.

चिठ्ठीवाला डॉक्टर (टिळकवाडी)

ताई, ती बाटली तूर्त बंदच राहू द्या. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असा आपल्याकडे पक्का समज आहे. परंतु अश्वगंधामुळे थायरॉईडच्या संप्रेरकांची पातळी बदलू शकते आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मनाच्या आत डोकावण्याआधी शरीराच्या आत पाहून घ्यावे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व बी-१२, साखर आणि रक्तदाब तपासा. चाळिशीनंतर पाळीचे चक्र बदलू लागते तेव्हाही झोप मोडते आणि चिडचिड वाढते. यांपैकी काही निघाले तर मनाला उगाच दोष देत बसण्याचे कारण उरणार नाही.

आता साडेतीनच्या जागेविषयी. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की त्रास थंडीचा असो, जखमेचा असो वा विषाचा, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो: मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी सुजतात, जठरात व्रण पडतात. माणसात तर हा साचा चालू व्हायला प्रत्यक्ष संकटाचीही गरज नसते, संकटाचा विचार पुरतो. अॅड्रिनलमधून येणारे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, उत्तररात्री चढू लागते आणि सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात शिखर गाठते. याच काळात झोपही हलकी होत असते. ज्याच्या मनात काही अडकून पडले आहे, त्याला ते नेमके याच वेळी गाठते.

एक साधा प्रश्न. संध्याकाळी घरी आल्यावर चहा घेता का? चहातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण ५ तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकराला अंगात असतो. दुपारी तीननंतरचा चहा १५ दिवस सोडून पाहा. आपल्या बेळगावात हे सांगणे म्हणजे पाहुण्याला दारातूनच परत पाठवण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे.

जुने मास्तर (खानापूर)

डॉक्टरांचे म्हणणे योग्यच आहे. मी केवळ माझा अनुभव लिहितो. मराठी शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झालो, तेव्हा वाटले होते की आता सकाळी मलप्रभेच्या घाटावर निवांत बसेन. प्रत्यक्षात निवृत्तीनंतरच छातीत धडधड सुरू झाली. हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष आला.

तेव्हा एका जाणत्या मित्राने मला वहीत तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात घटना, दुसऱ्यात त्या क्षणी मनात उमटलेले वाक्य जसेच्या तसे, आणि तिसऱ्यात शरीरात काय झाले ते. पहिले आठ दिवस दुसरा रकाना कोराच राहिला, कारण वाक्य पकडायची सवयच नव्हती. जे काही होत होते ते थेट छातीत होत होते. नवव्या दिवशी ते हाती लागले.

माझे कानडी वाचन चांगले. त्यामुळे गावातील ज्याला म्हणून जमिनीचा उतारा, वीजबिलाची नोटीस किंवा कचेरीचे पत्र समजत नसे, तो माझ्या ओसरीवर येई. सीमाभागात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सन १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर कचेरीची भाषा एक आणि चुलीपाशी बोलायची भाषा दुसरी, अशी तीन पिढ्यांची सवय झाली आहे. त्या दोहोंच्या मध्ये जो उभा राहतो त्याच्या डोक्यावर सगळ्यांची कागदपत्रे येतात. मला वाटे, हा लोकांचा त्रास आहे. पण त्या दिवशी एक गृहस्थ भर दुपारी नोटीस घेऊन आले, माझ्या छातीत धडधडले, आणि मी मनातले वाक्य लिहिले: "आज नाही म्हटले तर हे मला आपल्यातला समजणार नाहीत."

ते वाक्य त्या गृहस्थांचे नव्हते. वडिलांची बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांचा असताना नव्या गावात परका ठरलो होतो, तेथून ते चालत आले होते. कागद वाचून देणे मी थांबवले नाही. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ एवढी वेळ ठरवली आणि ओसरीवर पाटी लावली. एकही माणूस रागावला नाही, हे लिहिताना अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते.

ताई, आपल्या रविवारच्या चिडचिडीत असेच एखादे वाक्य दडलेले असावे. कामाच्या दिवशी हात गुंतलेले असतात, म्हणून ते ऐकू येत नाही; रविवारी हात मोकळे होतात आणि ते बोलू लागते.

उसाचा फड (निपाणी परिसर)

मास्तर, आपल्याविषयी आदर आहे, तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. सगळा ताण आत शोधायला लावणे हे कधीकधी अन्यायाचे होते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे. मी ज्यांना ऊस घातला त्यांनी एका वर्षी सात महिने बिल थकवले. त्या काळात मला एक हितचिंतक दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते. सोसायटीचे व्याज श्वासाने उतरत नाही. आम्ही पंधरा जण एकत्र येऊन लेखी अर्ज दिले, दोन खेपा घातल्या, तेव्हा पैसे मिळाले आणि त्या रात्री मी जो झोपलो तो उन्हे वर आल्यावर उठलो.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. पैसे मिळाल्यावरही महिनाभर मोबाइल वाजला की पोटात गोळा येई. बाहेरचे मिटले होते, अंग ते मानायला तयार नव्हते. त्यासाठी मी विशेष असे काही केले नाही. अंधार पडायच्या आत बांधावरून तासभर चालत असे आणि एकादशीला देवळात भजनाला बसू लागलो. गळा चांगला नाही, टाळ मात्र बरा धरतो.

मनमोकळे (बेळगाव, समुपदेशनाचे काम)

फडवाले दादांच्या आक्षेपामुळे मुख्य मुद्दा समोर आला. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांची १९८४ मधील मांडणी हीच आहे, की घटनेने ताण आपोआप निर्माण होत नाही. 'यात माझे काय पणाला लागले आहे' आणि 'मला हे पेलेल का' या दोन प्रश्नांची मन जी उत्तरे देते, त्यांतून तो घडतो. म्हणून उपायही दोन प्रकारचे. जे बदलता येते ते बदलायचे, जसे दादांनी अर्ज देऊन केले. आणि जे बदलत नाही किंवा बदलून गेले आहे, त्याच्याशी मनाचे असलेले नाते हाताळायचे. एकाच्या जागी दुसरा उपाय वापरला की फसगत होते. थकलेल्या बिलावर प्राणायाम जितका निरुपयोगी, तितकाच जुन्या भीतीवर आणखी एक तास ओव्हरटाइम.

दादांच्या भजनाकडे मी गमतीने पाहत नाही. अभंगाची ओळ ओढून म्हणताना उच्छ्वास लांबतो, आणि उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाची मज्जा हृदयाची गती उतरवते. घरी बसूनही हेच करता येते: मनात ४ अंक मोजत श्वास आत, ६ अंक मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सुमारे ६ श्वास, आणि हे १० मिनिटे. भ्रामरी प्राणायामातही गुणगुणल्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करून प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्यात गूढ काही नाही. चालायला टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या आवारातील झाडी आपल्याला आयती मिळाली आहे. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, एवढे पुरे.

एक गोष्ट करू नये. 'हा विचार आणायचाच नाही' असे ठरवू नये. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले, आणि ते अस्वल त्यांच्या मनातून हलेना. विचार दाबण्याऐवजी कागदावर उतरवावा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधील प्रयोगात सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. लिहिताना त्या वेळी मन जड झाले, पण पुढील महिन्यांत त्या मंडळींच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या कमी झाल्या. म्हणून पहिल्या दिवशी रडू आले तर घाबरू नका. मात्र झोप, भूक आणि कामातील रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपला, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वही बाजूला ठेवून माणसाकडे जावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला बंगळूरपेक्षा कितीतरी जवळ आहे.

खातेवही (वडगाव, बेळगाव)

सर्वांचे आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहीत आहे. तपासण्यांत बी-१२ कमी निघाले, त्याचे उपचार चालू आहेत. बाकी सर्व ठीक. संध्याकाळचा चहा सोडल्यावर पहिले चार दिवस डोके दुखले.

मास्तरांचे तीन रकाने मी आमच्या जुन्या रोजकीर्दीच्या कोऱ्या पानांवरच आखले. दुसऱ्या रविवारी भांडी आवरताना वाक्य सापडले: "काल रोकड जुळली, पण नीट जुळली का?" मग सगळे उलगडत गेले. नऊ वर्षांपूर्वी दिवसाखेर १,२०० रुपये कमी भरले होते. चूक कुणाची ते मी शोधलेच नाही. पर्समधले पैसे घालून रोकड जुळवली आणि कुणालाही, अगदी यजमानांनाही, सांगितले नाही. तेव्हापासून प्रत्येक शनिवारची बेरीज मी रविवारी मनात पुन्हा करत होते, आणि बहुधा पहाटे साडेतीनलाही तेच करत असणार. यंदा संस्थेत नवी संगणक प्रणाली आली, पहिल्या महिन्यात दोनदा रक्कम जुळेना, तेव्हा ते जुने सगळे वर आले असावे. रक्कम मोठी नव्हती; पण हिशेबनिसाने खोटी बेरीज केली, ही बोच होती.

चार दिवस लिहिले. पाचव्या दिवशी यजमानांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणून त्या वर्षी गणपतीला साडी नको म्हणालीस होय?" त्यांना ते आठवत होते.

आता आठवड्यातून चार-पाच रात्री सलग झोप लागते. दात खाणे मात्र चालूच आहे, सकाळी जबडा दुखतो. त्यावर काही आहे का?

चिठ्ठीवाला डॉक्टर (टिळकवाडी)

आहे. दिवसा जेव्हा आठवेल तेव्हा जबडा असा ठेवावा: ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटलेले, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकी टेकलेली. संगणकाच्या कडेला एक लहानसा रंगीत ठिपका चिकटवा. त्याकडे नजर गेली की दात सुटलेले आहेत ना, एवढे पाहायचे. रात्रीसाठी दातांचे डॉक्टर मापाचे आवरण करून देतात, तेवढे करून घ्या, कारण झिजलेली दाढ पुन्हा भरून येत नाही. बी-१२ तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.